गेटच्या आतला संप : पोलंडमधल्या ‘सॉलिडॅरिटी’ची गोष्ट

कम्युनिस्ट पोलंडमध्ये मांसाचे भाव वाढले की सरकार हादरायचं. १९७० साली भाववाढीमुळे पक्षाचा सर्वोच्च नेता घरी गेला. १९७६ साली पंतप्रधानांना एका दिवसात दरवाढ गुंडाळावी लागली. १९८० साली भाव पुन्हा वाढले, आणि त्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या संपांमधून एक कोटीच्या आसपास सभासद असलेली कामगार संघटना उभी राहिली. तिचं नाव ‘सॉलिडारनोश्च’, म्हणजे एकजूट. जगात ती ‘सॉलिडॅरिटी’ या नावाने ओळखली गेली. पुढच्या नऊ वर्षांत या संघटनेने हातात शस्त्र न घेता एकपक्षीय राजवट मोडीत काढली.

महागाई काय, सगळीकडेच होते. मग तिथेच ती राज्यकर्त्यांच्या जिवावर का उठायची?

उत्तर त्या व्यवस्थेच्या घडणीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंड सोविएत प्रभावाखाली गेला आणि सगळी सत्ता एका पक्षाच्या हातात एकवटली. कारखाना सरकारचा, दुकान सरकारचं, पगार ठरवणारं सरकार आणि पावाचा भाव ठरवणारंही सरकारच. आपल्याकडे भाव वाढले तर दोष वाटून जातो: व्यापारी, दलाल, पाऊस, तेलाचे भाव. तिथे दोष वाटायला दुसरं कोणीच नव्हतं. भाव वाढला म्हणजे पक्षाने तो वाढवला. लोकांच्या रोषाला घाबरून सरकार वर्षानुवर्षं भाव गोठवून ठेवायचं. मग तूट वाढायची, दुकानं रिकामी व्हायची, रांगा लांबायच्या आणि शेवटी एका रात्रीत मोठी वाढ जाहीर व्हायची.

कामगाराने तक्रार करायची कुठे? युनियन होती, पण तीही पक्षाचीच. सुट्टीतल्या सहलीची सोय आणि सणासुदीच्या भेटवस्तू ती वाटायची, पण पगारासाठी व्यवस्थापनाशी भांडायची नाही. कागदोपत्री राज्यच कामगारांचं होतं, त्यामुळे कामगार संप करणार तरी कुणाविरुद्ध, असा अधिकृत युक्तिवाद होता. परिणामी पगारवाढीची साधी मागणीसुद्धा थेट राज्याला आव्हान ठरायची. हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा इतिहास उलगडत जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पोलिश माणसाच्या मनात सोविएत सत्तेबद्दलचा अविश्वास फार जुना होता. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे अनेक मराठी वाचकांना माहीत असेल. त्यांतले बहुतेक जण पूर्व पोलंडमधून सोविएत सत्तेने सैबेरियात आणि मध्य आशियात हाकललेल्या कुटुंबांमधले होते. १९४० साली काटिन आणि इतर ठिकाणी सोविएत पोलिसांनी सुमारे २२ हजार पोलिश अधिकारी आणि सुशिक्षित नागरिकांना गोळ्या घातल्या. युद्धानंतर पोलंडच्या शाळांमध्ये मात्र हे हत्याकांड जर्मनांनी केलं असं शिकवलं जायचं. घरात एक इतिहास आणि शाळेत दुसरा, अशा वातावरणात वाढलेली ही माणसं होती. म्हणूनच खरं उघडपणे बोलणं हीच पुढे या चळवळीची पहिली कृती ठरली.

ग्दिनियाचं स्टेशन

१२ डिसेंबर १९७०. नाताळ दोन आठवड्यांवर आलेला असताना सरकारने खाद्यपदार्थांची दरवाढ जाहीर केली. १४ तारखेला ग्दान्स्क शहरातल्या लेनिन शिपयार्डचे कामगार काम थांबवून पक्षाच्या कचेरीवर मोर्चा घेऊन गेले. बोलायला कोणी पुढे आलं नाही. रस्त्यावर पोलिसांशी चकमकी झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पक्षाची इमारत पेटवली गेली. सैन्य उतरलं, रणगाडे आले.

शेजारच्या ग्दिनिया शहरात जे घडलं ते वाचताना अंगावर काटा येतो. १६ तारखेच्या रात्री उपपंतप्रधानांनी टीव्हीवरून कामगारांना कामावर परतण्याचं आवाहन केलं. १७ तारखेच्या पहाटे माणसं लोकलमधून शिपयार्डच्या स्टेशनवर उतरली. समोर सैन्य उभं होतं. कामावर निघालेल्या त्या लोकांवर गोळ्या चालल्या. किनाऱ्यावरच्या शहरांत मिळून त्या आठवड्यात चाळीसहून जास्त माणसं मारली गेली, हजारावर जखमी झाली. अनेक मृतदेह रात्रीच्या अंधारात पुरले गेले. घरच्यांना मोजका वेळ दिला गेला, गाजावाजा करायला मनाई होती.

पक्षाचे प्रमुख गोमुल्का पायउतार झाले आणि गिएरेक आले. दरवाढ मात्र तशीच राहिली. ती रद्द करून घेतली ती वूच शहरातल्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी, फेब्रुवारी १९७१ मध्ये. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या रस्त्यावर आल्याच नाहीत. गिरणीत यंत्रं बंद करून बसून राहिल्या. पंतप्रधान स्वतः भेटायला आले तरी त्या हटल्या नाहीत, आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

माझ्या मते पोलंडच्या चळवळीतला सगळ्यात मोठा धडा या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसतो. रस्त्यावर आलेल्या कामगाराला ‘गुंड’ ठरवून गोळी घालता येते, कारण तिथे दगड फेकणारा कोण आणि पोलिसांनीच पेरलेला माणूस कोण हे सांगता येत नाही. कारखान्यात शांतपणे बसलेल्या कामगाराला हात लावायचा तर सरकारला स्वतःच्याच कारखान्यावर हल्ला करावा लागतो. आत शिस्त ठेवता येते, दारू बंद करता येते, मतदान घेता येतं, कोण आपला आणि कोण परका ते कळतं. पुढच्या दहा वर्षांत हे शहाणपण किनाऱ्यावरच्या कामगारांच्या अंगी मुरलं. ही अहिंसा कोणी व्रत म्हणून घेतलेली नव्हती. १९७० मध्ये सांडलेल्या रक्तातून ती आलेली होती.

नाव, पत्ता आणि फोन नंबर

२४ जून १९७६ रोजी सरकारने पुन्हा प्रयत्न केला. मांस सरासरी ६९ टक्क्यांनी महाग, साखर दुप्पट. दुसऱ्याच दिवशी रादोम, उर्सुस आणि प्वोत्स्क इथे संप झाले. उर्सुसच्या ट्रॅक्टर कारखान्यातल्या कामगारांनी रेल्वेमार्ग अडवला. रादोममध्ये पक्षाची कचेरी पेटली. संध्याकाळी दरवाढ मागे घेतली गेली आणि लगेच सूड सुरू झाला. पकडलेल्या कामगारांना पोलिसांच्या दोन रांगांमधून दंडुके खात जावं लागायचं. शेकडो लोक बडतर्फ झाले, अनेकांना तुरुंगवास झाला.

इथपर्यंत पोलंडमध्ये कामगार आणि शिकलेले लोक एकमेकांपासून तुटलेले होते. १९६८ साली विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं तेव्हा कामगार दूर राहिले, १९७० साली कामगार मेले तेव्हा विद्यापीठं गप्प राहिली. ही दरी बुजवण्याचं काम २३ सप्टेंबर १९७६ रोजी स्थापन झालेल्या ‘कामगार संरक्षण समिती’ने केलं. पोलिश आद्याक्षरांवरून तिला ‘कोर’ म्हणत. सुरुवातीला सभासद होते फक्त चौदा. त्यांत ऐंशी ओलांडलेले अर्थतज्ज्ञ एडवार्ड लिपिन्स्की होते, लेखक येझी आन्जेयेव्स्की होते आणि तुरुंगवास भोगून आलेले यात्सेक कुरोन होते.

कोरने काम अगदी साधं निवडलं. खटला चालू असलेल्या कामगाराला वकील मिळवून देणं, त्याच्या घरी पैसे पोचवणं, कोर्टात हजर राहून काय घडलं ते लिहून काढणं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांची पद्धत. भूमिगत गट म्हणून ते काम करत नव्हते. पत्रकांखाली सभासदांची नावं, पत्ते आणि फोन नंबर छापलेले असायचे. कुरोनचा फोन म्हणजे देशभरच्या बातम्यांचं केंद्र झाला. कुठे संप झाला, कोणाला पकडलं हे लोक त्याला कळवायचे आणि तो परदेशी पत्रकारांना. तिथून ते म्युनिकच्या ‘रेडिओ फ्री युरोप’वरून पुन्हा पोलंडच्या घराघरांत ऐकू यायचं. पोलीस फोन ऐकतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण लपवण्यासारखं काही नसल्यामुळे ऐकणाऱ्यांच्या हाती फारसं लागत नव्हतं. ‘कचेऱ्या जाळू नका, स्वतःच्या समित्या काढा’ हे कुरोनचं म्हणून प्रसिद्ध असलेलं वाक्य याच दिवसांतलं.

त्यामागचा विचार असा होता : सरकार उलथवायला जायचं नाही, सरकार बदलेल म्हणून वाटही पाहायची नाही. सरकारने जे नाकारलंय ते आपण आपलं उभं करायचं. खाजगी घरांच्या दिवाणखान्यांत ‘फिरतं विद्यापीठ’ भरू लागलं आणि तिथे खरा इतिहास शिकवला जाऊ लागला. सेन्सॉरला न दाखवता पुस्तकं छापणारी ‘नोवा’ ही प्रकाशनसंस्था १९७७ मध्ये निघाली. त्याच वर्षी ‘रोबोत्निक’ हे कामगारांचं वृत्तपत्र सुरू झालं. एप्रिल १९७८ मध्ये ग्दान्स्कला ‘किनारपट्टीच्या स्वतंत्र कामगार संघटना’ या नावाचा छोटा गट तयार झाला. त्यात इंजिनियर आन्जेय ग्विआझ्दा, क्रेन चालवणाऱ्या आना वालेन्तिनोविच आणि नोकरी गमावलेला एक इलेक्ट्रिशियन, लेक वालेसा, अशी माणसं जमली.

मग आले पोप. क्राकूवचे कार्डिनल कारोल वोयतिवा ऑक्टोबर १९७८ मध्ये पोप झाले आणि जून १९७९ मध्ये नऊ दिवसांसाठी मायदेशी आले. त्यांच्या प्रवचनांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. गर्दीबद्दल कमी. लाखो लोक एकत्र आले. व्यवस्था चर्चच्या स्वयंसेवकांनी सांभाळली आणि काहीही गडबड झाली नाही. पक्षाच्या मदतीशिवाय आपण एवढ्या संख्येने शांतपणे जमू शकतो, हे त्या देशाने पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दर माणसाला वाटायचं की असा विचार करणारा आपण एकटेच. त्या नऊ दिवसांत तो समज गेला.

ऑगस्ट १९८०

जुलै १९८० मध्ये मांसाचे भाव पुन्हा, या वेळी गुपचूप, वाढवले गेले. श्विद्निक आणि लुब्लिन भागात संप झाले. सरकारने एकेका कारखान्याला थोडी पगारवाढ देऊन ते मिटवले. मग ७ ऑगस्टला लेनिन शिपयार्डच्या व्यवस्थापनाने आना वालेन्तिनोविच यांना बडतर्फ केलं. निवृत्तीला पाच महिने उरले होते. तीस वर्षं त्या यार्डात राबलेली, सगळ्यांच्या ओळखीची बाई.

१४ ऑगस्टच्या पहाटे, स्वतंत्र कामगार संघटनांच्या त्याच छोट्या गटातले बोगदान बोरुसेविच यांनी तयार केलेली पत्रकं कामावर जाणाऱ्या लोकांच्या हातांत पडली. तीन तरुण कामगारांनी यार्डाच्या वेगवेगळ्या विभागांत काम थांबवलं. जमाव फिरत फिरत दोन नंबरच्या गेटपाशी आला. दहा वर्षांपूर्वी याच गेटबाहेर माणसं पडली होती. बाहेर पडायचं का, असा क्षण होता. तेव्हा कोणीतरी सुचवलं की १९७० मध्ये मेलेल्यांसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहू या. सगळे उभे राहिले, राष्ट्रगीत म्हटलं, आणि गेट उघडलं गेलं नाही. वालेन्तिनोविच यांना संचालकांच्या गाडीतून सन्मानाने आत आणण्यात आलं. वालेसा भिंतीवरून आत आला.

दोन दिवसांनी, १६ तारखेच्या शनिवारी, जे घडलं ते पुष्कळदा दोन ओळींत उरकलं जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं. व्यवस्थापनाने दीड हजार झ्वॉटींची (झ्वॉटी हे पोलिश चलन) पगारवाढ मान्य केली, वालेन्तिनोविच आणि वालेसा या दोघांना कामावर परत घेतलं. वालेसाने संप संपल्याचं जाहीर केलं. लोक घरी निघाले. पण तोवर आसपासचे अनेक छोटे कारखाने या संपाच्या भरवशावर बंद पडले होते. ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस ओरडून म्हणाल्या की तुम्ही आम्हाला सोडलंत तर आम्ही संपलो, रणगाड्यांपुढे बसगाड्या टिकायच्या नाहीत. यार्डातली नर्स अलिना पिएन्कोव्स्का गेटकडे धावली, एका पिंपावर चढली आणि बाहेर पडणाऱ्यांना थांबवू लागली. वालेन्तिनोविच दुसऱ्या गेटवर होत्या. हजारो गेले, पण थोडे थांबले. वालेसाने निर्णय फिरवला. त्या क्षणापासून हा संप एका यार्डाचा राहिला नाही. इतरांना वाऱ्यावर सोडणार नाही एवढंच सांगणारा तो संप होता, आणि संघटनेचं पुढचं नाव खरं तर तिथेच जन्माला आलं.

रात्रीतून सगळ्या संपकरी कारखान्यांची संयुक्त समिती बनली. तिने एकवीस मागण्या काढल्या आणि प्लायवूडच्या फळ्यांवर लिहून गेटला टांगल्या. त्या वाचताना त्या माणसांचं रोजचं आयुष्य समोर येतं. पहिली मागणी पक्षापासून स्वतंत्र युनियनची, दुसरी संपाच्या हक्काची, तिसरी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. त्याच यादीत पुढे तीन वर्षांची भरपगारी बाळंतपणाची रजा, पाळणाघरांत जागा, घरासाठीची प्रतीक्षा कमी करणं, मांसासाठी रेशन कार्ड, पोलीस आणि पक्ष-अधिकाऱ्यांच्या खास सवलती बंद करणं आणि शनिवारची सुट्टी. भाषणस्वातंत्र्य आणि पाळणाघर यांत त्यांनी उच्च-नीच ठरवलं नाही. या फळ्या आज युनेस्कोच्या जागतिक वारसा दस्तऐवजांमध्ये नोंदलेल्या आहेत.

सरकारने ग्दान्स्कचे फोन तोडले. संपकऱ्यांनी यार्डात दारू पूर्ण बंद केली. गेटवर फुलं, पोपचं चित्र, पलीकडे रोज जेवणाचे डबे घेऊन येणारं शहर. उपपंतप्रधान यागिएल्स्की वाटाघाटींना आले तेव्हा समितीने एक अट घातली की बोलणी यार्डाच्या ध्वनिक्षेपकांवरून सगळ्यांना ऐकू गेली पाहिजेत. मंत्री कामगारांशी काय बोलतो, कुठे अडखळतो, कुठे टाळतो हे हजारो लोक बाहेर हिरवळीवर बसून ऐकत होते. प्रतिनिधी ते कॅसेटवर टेप करून आपापल्या कारखान्यांत नेत होते. बंद खोलीत तोडपाणी करण्याची वाटच त्यामुळे बंद झाली. वॉर्सातून आलेले तादेउश माझोविएत्स्की आणि ब्रोनिस्वाव गेरेमेक हे सल्लागार मसुदे लिहायला मदत करत होते. अखेरीस सातशेहून अधिक कारखाने आणि संस्था या समितीत होत्या. ३१ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. सोविएत गटात पहिल्यांदा एखाद्या सरकारने स्वतंत्र युनियन मान्य केली.

सोळा महिने

सप्टेंबरमध्ये देशभरच्या नव्या युनियन्स एकत्र येऊन सॉलिडॅरिटी स्थापन झाली. देशाची लोकसंख्या साडेतीन कोटींच्या वर, आणि संघटनेचे सभासद सुमारे एक कोटी. त्यांत पक्षाचे लाखो सभासदही होते.

इथे एक प्रश्न सहज पडतो. एवढी ताकद होती तर त्यांनी सत्ता का मागितली नाही? कारण हंगेरीत १९५६ साली आणि चेकोस्लोव्हाकियात १९६८ साली सोविएत रणगाडे कसे घुसले, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सीमेपलीकडे सोविएत फौजा होत्या. त्यामुळे पक्षाची ‘अग्रणी भूमिका’ मान्य आहे असं वाक्य करारात त्यांनी स्वीकारलं. समाजशास्त्रज्ञ यादविगा स्तानिश्किस यांनी याला ‘स्वतःला आवर घालणारी क्रांती’ म्हटलं. मार्च १९८१ मध्ये बिद्गोश्च शहरात पोलिसांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांना मारहाण केली तेव्हा २७ मार्चला चार तास जवळजवळ सगळा देश थांबला. पुढे बेमुदत सार्वत्रिक संप ठरला होता. वालेसाने तो आदल्या दिवशी मागे घेतला. ग्विआझ्दासारखे सहकारी त्यामुळे कायमचे दुखावले. मला वालेसाचा निर्णय बरोबर वाटतो, पण त्यानंतर सरकारला भीती उरली नाही हेही तितकंच खरं. गिएरेकच्या काळात काढलेल्या परदेशी कर्जाचे हप्ते फिटत नव्हते, एप्रिलपासून मांस कार्डावर मिळू लागलं, आणि लोक थकत चालले होते.

१३ डिसेंबर १९८१ ला, रविवारच्या पहाटे, पक्षाचे आणि सरकारचे तेव्हाचे प्रमुख जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा लागू केला. फोन बंद, रस्त्यांवर बर्फ आणि रणगाडे. पहिल्याच रात्रीत हजारोंना घरांतून उचललं, नंतरच्या महिन्यांत स्थानबद्धांचा एकूण आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. कारखान्यांतले संप या वेळी फोडले गेले. गेटच्या आत बसून राहण्याची युक्ती चालली नाही, कारण या वेळी सरकार स्वतःच्या कारखान्यांची भिंत रणगाड्याने पाडायला तयार होतं. काटोवित्सेच्या वुयेक कोळसा खाणीत १६ डिसेंबरला पोलिसांनी गोळीबार केला, नऊ खाणकामगार मेले.

दिवे लुकलुकले

आता काय? हातात शस्त्र घ्यावं असं वाटणारे तरुण होते. १९८२ मध्ये रस्त्यांवर दगड आणि अश्रुधुराच्या चकमकीही झाल्या, ते झाकायचं कारण नाही. पण संघटना म्हणून सॉलिडॅरिटी त्या वाटेला गेली नाही. चळवळीतले लेखक आदाम मिखनिक यांनी तुरुंगातून लिहिलं की बळाने बास्तिये (फ्रेंच राज्यक्रांतीत पाडलेल्या तुरुंगासारखे गड) पाडणारे लोक नकळत नवे बास्तिये बांधतात. आणि व्यवहार असा होता की शस्त्रांच्या खेळात सरकारच जिंकणार, मग आपण सरकारला न येणारा खेळ खेळावा.

तो खेळ म्हणजे समाज चालू ठेवणं. व्रोत्स्वावच्या कार्यकर्त्यांनी लष्करी कायद्याच्या दहा दिवस आधी बँकेतून संघटनेचे आठ कोटी झ्वॉटी काढून आर्चबिशपकडे ठेवले होते. तो पैसा भूमिगत कामाला पुरला. संघटनेचा वॉर्साचा पुढारी ज़्बिग्न्येव बुयाक साडेचार वर्षं पोलिसांच्या हाती लागला नाही, घराघरांत लोकांनी त्याला लपवलं. वॉर्सात ‘तिगोद्निक माझोव्शे’ हे साप्ताहिक हेलेना वुचिवो आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी चालवलं. पोलीस पुरुष पुढाऱ्यांच्या मागे होते, तेव्हा वृत्तपत्र, निरोप, पैसा आणि लपण्याच्या जागा यांचं जाळं बायकांनी विणलं. स्क्रीन प्रिंटिंगने छपाई व्हायची, शाई मिळाली नाही तर धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवून ती घरी केली जायची. अमेरिकेतून आणि पश्चिम युरोपातून पैसा आणि छपाईची यंत्रंही चोरून आली.

श्विद्निकमध्ये फेब्रुवारी १९८२ पासून लोक संध्याकाळी साडेसातला, सरकारी बातम्यांच्या वेळी, घराबाहेर फिरायला पडू लागले. काहींनी टीव्ही खिडकीत रस्त्याकडे तोंड करून ठेवला. फिरणं हा गुन्हा कसा ठरवायचा? सरकारने संचारबंदीची वेळ अलीकडे आणली, तर लोक त्याआधीच्या बातम्यांना फिरू लागले. नटनट्यांनी सरकारी टीव्हीवर काम करणं थांबवलं. १२ एप्रिल १९८२ ला वॉर्सात ‘रेडिओ सॉलिडॅरिटी’चं पहिलं प्रसारण झालं. काही मिनिटांचं. ऐकत असाल तर घरातला दिवा लावा-विझवा, असं त्यात सांगितलं होतं, आणि शहरभर खिडक्या लुकलुकल्या.

ऑक्टोबर १९८४ मध्ये या संयमाची सगळ्यात कठीण परीक्षा झाली. वॉर्साच्या झोलिबोश भागातले पाद्री येझी पोपिएवुश्को दर महिन्याला ‘मातृभूमीसाठी’ प्रार्थनासभा घेत. ‘वाईटाला चांगल्याने जिंका’ हे बायबलचं वचन ते पुन्हा पुन्हा सांगत. १९ ऑक्टोबरला गुप्त पोलिसांच्या तीन अधिकाऱ्यांनी त्यांना पळवलं, मारहाण केली आणि बांधून विस्तुला नदीच्या जलाशयात टाकलं. अंत्यसंस्काराला लाखो लोक आले. वय सदतीस, हात-पाय बांधून मारलेला माणूस, आणि मारेकरी कोण हे सगळ्यांना माहीत. तरी त्या दिवशी वॉर्सात एक काच फुटली असती तर सरकारला हवं ते निमित्त मिळालं असतं, हे त्या गर्दीला ठाऊक होतं. लोक आले, रडले, चालत घरी गेले.

टेबल आणि पेन्सिल

१९८५ साली मॉस्कोत गोर्बाचेव सत्तेवर आले आणि सोविएत हस्तक्षेपाची भीती हळूहळू ओसरली. इकडे अर्थव्यवस्था कोसळत होती आणि सुधारणांचं कडू औषध लोकांच्या संमतीशिवाय देणं सरकारला जमत नव्हतं. १९८८ च्या वसंतात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये संप झाले. करणारे बहुतेक तरुण होते, १९८० साली शाळेत असलेले. अंतर्गत व्यवहारमंत्री किश्चाक, ज्यांच्या पोलिसांनी या लोकांना तुरुंगात टाकलं होतं, त्यांनीच वालेसाला बोलणीसाठी बोलावलं.

६ फेब्रुवारी ते ५ एप्रिल १९८९ या काळात गोलमेज वाटाघाटी चालल्या. ठरलं असं : सॉलिडॅरिटी पुन्हा कायदेशीर, आणि जूनमध्ये निवडणूक. कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी फक्त १६१ जागा खुल्या, बाकी पक्षासाठी आणि त्याच्या मित्रपक्षांसाठी राखीव. शंभर जागांचं सिनेट मात्र पूर्ण खुलं. पक्षाला वाटलं, विरोधकांना थोडं आत घेऊ आणि जबाबदारीत वाटेकरी करू.

मतदानाची पद्धत अशी होती की नको असलेली नावं मतदाराने खोडायची. ४ जूनला लोकांनी पेन्सिल उचलली आणि खोडत गेले. सत्ताधाऱ्यांच्या बड्या नावांची ३५ जणांची एक बिनविरोध यादी होती, फक्त निम्मी मतं हवी होती. ३३ जण तिथेही पडले. दुसऱ्या फेरीनंतर खुल्या १६१ जागांपैकी १६१ आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ सॉलिडॅरिटीकडे होत्या. मित्रपक्षांनी बाजू बदलली आणि २४ ऑगस्टला, ग्दान्स्कच्या संपात मसुदे लिहिणारे माझोविएत्स्की पंतप्रधान झाले. बर्लिनची भिंत पडायला अजून अडीच महिने होते.

पुढचा भाग सांगितल्याशिवाय ही गोष्ट प्रामाणिक होत नाही. त्या वाटाघाटींच्या मुख्य टेबलाभोवती जवळजवळ सगळे पुरुष बसले होते. क्शिवोनोस, पिएन्कोव्स्का, वालेन्तिनोविच, वुचिवो ही नावं पाठ्यपुस्तकांत यायला बरीच वर्षं गेली. वालेन्तिनोविच आणि वालेसा यांचं तर कधीच बिनसलं होतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वालेसा गुप्त पोलिसांना माहिती देत होता असा आरोप होत राहिला. २०१६ मध्ये किश्चाक यांच्या घरातून कागदपत्रं बाहेर आली, तज्ज्ञांनी ती खरी ठरवली, वालेसाने ती नाकारली. आरोप खरा धरला तरी १९८० चा ऑगस्ट त्याने पुसला जात नाही असं मला वाटतं. पोलंडमध्ये यावरून आजही कुटुंबांत भांडणं होतात.

आणि कामगार? १९९० मध्ये सॉलिडॅरिटीतूनच आलेल्या सरकारने भाव खुले केले, अनुदानं कापली, तोट्यातले कारखाने वाऱ्यावर सोडले. दुकानं भरली, रांगा संपल्या, पण वर्षअखेरीस दहा लाखांहून जास्त लोक बेकार होते. एके काळी बेकारी हा शब्दच ज्यांना ठाऊक नव्हता अशा शहरांत हे घडलं. ग्दान्स्कचं शिपयार्ड १९९६ मध्ये दिवाळखोर ठरलं. या वर्षांत कामगारांनी पुन्हा संप केले, मोर्चे काढले, आणि सुरुवातीला तरी समोर खुर्चीवर त्यांच्याच संघटनेतून वर गेलेले लोक होते. त्या संपांवर कोणी गोळी झाडली नाही. पण एकवीस मागण्यांमधल्या पाळणाघराच्या आणि घरांच्या मागण्या नव्या राज्यातही बराच काळ फळीवरच राहिल्या.